ड्राय बाल्कनीतली हायड्रोपोनिक रॅक: काय यंत्रावर सोपवावं, काय हातात ठेवावं

घरातली हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय खत मिसळलेल्या पाण्यावर वाढवलेली, बाग मरते ती बहुधा वीज गेल्यावर, आणि तीही घरात कुणी नसताना. म्हणून रॅकची आखणी करताना आम्ही पहिला प्रश्न हा धरला: सगळं बंद पडलं तर रोपं किती वेळ तग धरतील? सेन्सर, मोबाइलवरचे आलेख, आपोआप मिसळणारी खतं हे सगळं त्याच्यानंतर.

जागा म्हणजे पुण्याकडच्या फ्लॅटला असते तशी ड्राय बाल्कनी. चार फूट बाय दीड फुटाची स्लॉटेड अँगलची रॅक, खाली पाण्याची टाकी, वर दोन कप्पे, प्रत्येक कप्प्यात तीन पाइप आणि प्रत्येक पाइपात सहा रोपं. एकूण छत्तीस. लेट्यूस आणि तुळशीच्या कुळातली बेसिल ही मुख्य पिकं, कडेला थोडी कोथिंबीर. मेथी, पालक यांची जुडी मंडईतून आणलेलीच परवडते. विजेचा हिशेब पुढे आहे, तो वाचल्यावर हे पटेल.

एनएफटी (न्यूट्रिएंट फिल्म टेक्निक) पद्धतीत पाइप उतारावर ठेवून त्यातून पाण्याचा पातळ थर वाहता ठेवतात. पॉलीहाऊसमध्ये ती छान चालते, कारण तिथे जनरेटर असतो. घरात एप्रिलच्या दुपारी दोन-तीन तास पंप थांबला तर मुळांवरचा ओलावा जातो आणि लेट्यूस माना टाकतं. त्यामुळे उतार दिलाच नाही. पाइप स्पिरिट लेव्हल लावून सपाट ठेवले आणि निचऱ्याचं भोक टोकाच्या एंड कॅपमध्ये तळापासून २५ मिमी उंचीवर पाडलं. पंप बंद झाला तरी प्रत्येक पाइपात दीडेक लिटर पाणी उभं राहतं. मुळांचा खालचा भाग पाण्यात आणि वरचा दमट हवेत राहतो, आणि रोपांना निदान एक दिवस काढता येतो.

पाइप ७५ मिमीचा, शेतीला वापरतात तो करडा पीव्हीसी. ११० मिमीचा पाइप भरभक्कम दिसतो, पण त्यात दोन इंची नेट पॉटचं (रोप धरणाऱ्या जाळीदार कुंडीचं) बूड पाण्याच्या बरंच वर लटकतं आणि कोवळी मुळं पाण्यापर्यंत पोचतच नाहीत. ७५ मिमीच्या पाइपात २५ मिमी पाणी उभं असलं की पॉटचं बूड नेमकं टेकतं. भोकं ५० मिमीच्या होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने), २० सेंमी अंतरावर, ड्रिलचा वेग कमी ठेवून पाडायची. वेग वाढवला की पीव्हीसी वितळून ब्लेडला चिकटतं. भोकांच्या कडा पॉलिश पेपरने घासायच्या आणि आतला भुसा पाण्याने धुऊन काढायचा, नाहीतर तो पहिल्याच दिवशी पंपात जाऊन बसतो. मधल्या पाइपाची भोकं शेजारच्यांच्या तुलनेत १० सेंमी सरकवली की पानं एकमेकांवर कमी चढतात.

जोडण्यांसाठी ॲक्वेरियमच्या दुकानात जाण्यापेक्षा ठिबकच्या दुकानात जावं. १६ मिमीची लॅटरल (ठिबकची नळी), रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी कडी), टेकऑफ (नळी जोडायचा तुकडा), छोटे कॉक असं सगळं तिथे स्वस्तात मिळतं आणि महाराष्ट्रात तालुक्याच्या गावीही असतं. ग्रोमेट आधी विकत घ्यावं आणि त्याच्या मापाचं ड्रिल नंतर. एम-सीलने लिंपलेला सांधा तापमान बदलताना सुटतो, ग्रोमेट सुटत नाही. पाणी वरच्या कप्प्यातल्या तीन पाइपांत चढतं, तिथून खालच्या तिघांत उतरतं आणि मग टाकीत. पंपाला तीनच पाइप भरायचे असल्यामुळे छोटा पंप पुरतो. निचऱ्याची नळी मात्र पुरवठ्याच्या नळीपेक्षा जाड हवी, किमान २० मिमी. मुळांचे तंतू पहिल्यांदा तिथेच अडकतात आणि पाणी एंड कॅपच्या कडेने बाहेर येतं.

पंपासाठी बाजारात सहज मिळतो तो कूलरचा १८ वॉटचा. तो मुद्दाम टाळला. एक तर तो २३० व्होल्टवर चालतो, बऱ्याचदा दोन पिनांचाच असतो आणि पाण्यात बुडालेला असतो. दुसरं, तो आपली उष्णता टाकीतल्या पाण्यालाच देतो. त्याऐवजी १२ व्होल्टचा ब्रशलेस डीसी पंप घेतला, पाच वॉटच्या आसपासचा, तीन मीटर हेडचा, म्हणजे पाणी जास्तीत जास्त तीन मीटर चढवणारा. खोक्यावरचा ताशी २४० लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो. पाण्याच्या पातळीपासून सव्वा मीटर वर चढवलं की त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त हाती येतं, म्हणजे मिनिटाला दोन-सव्वादोन लिटर. उभ्या पाण्याच्या पाइपांना तेवढं पुरतं. शिवाय १२ व्होल्ट म्हटल्यावर बॅकअप सोपा होतो: ७ अँपिअर-तासाची सील्ड बॅटरी निम्मी वापरली तरी पंप सलग आठेक तास चालतो, आणि पाळीपाळीने चालवला तर त्याच्या दुप्पट.

टाकी ५० लिटरची, झाकणाची, फूड ग्रेड प्लास्टिकची. निळ्या ड्रममधून उजेड आत जातो आणि आठवड्याभरात शेवाळ धरतं, त्यामुळे बाहेरून आधी काळं प्लास्टिक आणि त्यावर थर्माकोल गुंडाळावा. भरायची मात्र ३५ ते ४० लिटरच. पंप थांबला की निचऱ्याच्या भोकावरचं पाणी परत टाकीत उतरतं, त्याला जागा हवी. रॅक भिंतीला फिशर-स्क्रूने बांधावी. भरलेल्या पाइपांचं वजन वर असतं आणि वरचा कप्पा ओढला गेला तर सगळं पुढे येतं.

आता पाणी आणि खत. या भागात घाई केली तर पुढचं ऑटोमेशन कितीही चांगलं असो, उपयोग नाही.

आधी नळाच्या पाण्याची ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांमुळे येणारी विद्युतवाहकता, मोजावी. धरणातून येणारं महापालिकेचं पाणी बहुधा मृदू असतं, ०.१ ते ०.३ मिलिसीमेन्स. बोअरचं किंवा टँकरचं पाणी १ च्या पुढे गेलं तर त्यातले बायकार्बोनेट रोज पीएच (पाणी किती आम्ल वा अल्क आहे तो आकडा) वर ढकलत राहतात, त्याच्याशी भांडत बसण्यापेक्षा ते निम्मं आरओच्या पाण्यात मिसळावं. नुसतं आरओचं पाणीही बरं नाही, त्यात पीएच सावरून धरणारं काहीच नसतं. स्वस्त टीडीएस मीटर ईसीला ५०० ने गुणून पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) दाखवतो आणि काही मीटर ७०० ने. म्हणजे १.२ ची ईसी एकावर ६०० दिसते, दुसऱ्यावर ८४०. इंटरनेटवरच्या तक्त्यांत कुठलं मोजमाप आहे ते न बघता खत टाकलं की रोपं एक तर उपाशी राहतात किंवा पानांच्या कडा जळतात. ईसीतच बोलावं.

कृषी सेवा केंद्रात हायड्रोपोनिक्स म्हटलं की समोर १९:१९:१९ ची (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) पुडी येते. ते खत वाईट नाही, पण मातीसाठी आणि फवारणीसाठी आहे. त्यातलं निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतं. मातीतले जिवाणू युरिया फोडून पिकाला देतात, आपल्या टाकीत ते जिवाणू पुरेसे नसतात. आणि युरियाचे आयन होत नसल्यामुळे ईसी मीटरला तो दिसतच नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या ग्रेड-२ फवारणी मिश्रणाचंही तसंच: त्यात जस्त लोहापेक्षा जास्त असतं. आपल्याला उलट प्रमाण हवं.

त्याच दुकानातून चार सुटी खतं घ्यावीत. दोन बाटल्या करायच्या, प्रत्येकी एक लिटर पाण्याच्या.

अ बाटली: कॅल्शियम नायट्रेट ११० ग्रॅम आणि १२ टक्क्यांचं ईडीटीए चिलेटेड लोह (ईडीटीए या रसायनाने विरघळत्या रूपात धरून ठेवलेलं) ४ ग्रॅम.

ब बाटली: १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट ६० ग्रॅम, ०:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट २८ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ६० ग्रॅम आणि सूक्ष्म द्रव्यांचं द्रावण २० मिली.

सूक्ष्म द्रव्यांचं द्रावण वेगळं करून ठेवायचं: एक लिटर आरओच्या पाण्यात बोरिक ॲसिड २० ग्रॅम, मँगनीज सल्फेट १५, झिंक सल्फेट ४, मोरचूद २ आणि अमोनियम मॉलिब्डेट १ ग्रॅम. हे एक लिटर दहा हजार लिटर पाण्याला पुरतं, म्हणजे घरच्या रॅकला वर्षानुवर्षं. सोनाराच्या वजनकाट्यासारखा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो, अंदाजपंचे चालत नाही. मोरचूद आणि बोरिक ॲसिड मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी, नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवावं.

टाकीत लिटरमागे ५ मिली अ आणि ५ मिली ब घातलं की पाण्याच्या मूळ ईसीवर साधारण १.२ ची भर पडते. नत्र १२४ पीपीएम, स्फुरद ३२, पालाश (मूलद्रव्य म्हणून) १५०, कॅल्शियम १०३, मॅग्नेशियम २९ असा हिशेब येतो. लेट्यूसला हे बरोबर, बेसिलला जरा वाढवलं तरी चालतं. अ आणि ब कधीही घट्ट स्वरूपात एकत्र करू नयेत. कॅल्शियम आणि सल्फेट भेटले की जिप्सम होतं, कॅल्शियम आणि फॉस्फेट भेटले तरी पांढरा साका खाली बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. आधी टाकीत पाणी, मग अ, पाच मिनिटं पंप, मग ब, पुन्हा पंप, आणि सगळ्यात शेवटी पीएच.

पीएच ५.५ ते ६.५ मध्ये ठेवावा, आमचं लक्ष्य ५.८ ते ६.२. त्याच्या वर गेला की ईडीटीएची लोहावरची पकड सुटत जाते आणि नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. हा फरक ओळखला तर निम्मे प्रश्न सुटतात. उतरवायला फॉस्फोरिक ॲसिड, एकास नऊ पाण्यात पातळ करून. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. लिंबूसत्व आणि व्हिनेगर फसवे आहेत: जिवाणू ते खाऊन टाकतात आणि दोन दिवसांत पीएच परत वर.

उजेडासाठी जांभळे ग्रो लाइट लागत नाहीत. डोळ्यांना त्रास देणाऱ्या त्या रंगात पानांवरची कीडही दिसत नाही. साध्या २० वॉटच्या चार फुटी एलईडी बॅटन (ट्यूबलाइटसारख्या पट्ट्या), पांढऱ्या, कप्प्याला पाच, पानांपासून २० ते २५ सेंमीवर. फोनच्या लक्स ॲपवर पानांच्या उंचीला १३ ते १५ हजार लक्स दिसायला हवेत, म्हणजे ढोबळमानाने २०० मायक्रोमोल (चौरस मीटरला दर सेकंदाला पडणाऱ्या, झाडाला उपयोगी उजेडाचं माप). सोळा तास दिले की दिवसाचे अकरा-बारा मोल होतात, लेट्यूसला पुरेसे. कोथिंबीर मात्र लांब दिवसाने फुलावर येते. तिला बारा तासांवर ठेवायचं तर तिचा कप्पा वेगळा हवा, किंवा ती फुलण्याआधी लवकर कापावी. दोन कप्प्यांचे २०० वॉट गुणिले सोळा तास म्हणजे रोज ३.२ युनिट, महिन्याला शंभराच्या आतबाहेर. घराचा पहिला शंभर युनिटांचा स्लॅब फ्रीज आणि पंख्यांनीच संपलेला असतो, त्यामुळे ही सगळी युनिटं वरच्या दराने लागतात. दिवे संध्याकाळी सहा ते सकाळी दहा लावावेत. रात्रीच्या गारव्यात दिव्यांची उष्णता सोसते आणि पानं करपत नाहीत.

इतकं झाल्यावर ऑटोमेशन. दिवे, पंप आणि पाण्याची भर ही तीन कामं यंत्राला द्यावीत. पीएच शेवटी, आणि खरं म्हणजे नाही दिला तरी चालतं.

पाण्याची भर घालायला इलेक्ट्रॉनिक्स लागतच नाही. डेझर्ट कूलरचा फ्लोट व्हॉल्व टाकीच्या आत बसवावा आणि तो वर ठेवलेल्या २० लिटरच्या कॅनला जोडावा. थेट नळाला किंवा गच्चीवरच्या टाकीला कधीही नाही. व्हॉल्व अडकला तर कॅनमधलं वीस लिटरच सांडेल, नळाचं पाणी मात्र खालच्या मजल्याच्या छतातून उतरेल. टाकीत कॅनभर पाणी मावणार नाही, म्हणून टाकीखाली खोलगट ट्रे हवाच. कॅनमध्ये साधं पाणी न भरता निम्म्या ताकदीचं द्रावण भरावं, ईसी ०.६ च्या आसपास. पानं भरात आली की छत्तीस रोपं दिवसाला चार-पाच लिटर पितात, म्हणजे कॅन चार दिवस जातो. पाच दिवस गावाला जायचं असेल तर दुसरा कॅन जोडून ठेवायचा.

मेंदू म्हणून ईएसपी३२ हा वाय-फायचा छोटा कंट्रोलर बोर्ड, त्यावर ईएसपीहोम हे सॉफ्टवेअर. दिवे चालू असताना पंप १५ मिनिटं चालू, १५ बंद, दिवे बंद असताना १५ चालू, ४५ बंद. वेळ इंटरनेटवरून घेतली तर वीज आल्यावर राउटर उठेपर्यंत बोर्डाला वेळ कळत नाही, म्हणून डीएस३२३१ घड्याळाचा मॉड्यूल जोडावा. पाण्याचं तापमान डीएस१८बी२० या सेन्सरने, डेटा आणि ३.३ व्होल्टमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावून. पातळी मोजायला एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासोनिक सेन्सर सगळे सुचवतात. तो टाकीच्या झाकणाखालच्या दमट हवेत गंजतो, आणि त्याचा जलरोधक भाऊ जवळचं अंतर, साधारण २० सेंमीच्या आतलं, मोजू शकत नाही. टाकीच मुळात तेवढी खोल. दोन साधे फ्लोट स्विच लावावेत, एक कमी पाण्याचा आणि एक ओसंडण्याचा. कमी पाण्याचा स्विच पंप थांबवतो, कारण कोरडा चालला की असा पंप लवकर जळतो, आणि टेलिग्रामवर संदेश पाठवतो.

पंपासाठी दुकानदार आयआरएफ५२० चा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) मॉड्यूल देईल. तो ईएसपी३२ च्या ३.३ व्होल्टवर पूर्ण उघडत नाही, तापतो आणि पंप अर्धवट चालतो. आयआरएलझेड४४एन सारखा लॉजिक लेव्हलचा, म्हणजे कमी व्होल्टवरही उघडणारा, मागावा. दिव्यांसाठी निळा छोटा रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) दहा अँपिअरचा असला तरी दहा बॅटनचे ड्रायव्हर एकदम चालू होताना जो क्षणिक प्रवाह ओढतात त्याने त्याचे संपर्क चिकटतात, आणि मग दिवे चोवीस तास चालूच. कप्प्याला एक असे दोन रिले वापरून काही सेकंदांच्या अंतराने लावावेत, नाहीतर रिलेने छोटा काँटॅक्टर, म्हणजे जास्त प्रवाह सोसणारा स्विच, चालवावा. या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. बोर्ड आणि सॉकेट पाण्याच्या पातळीच्या वर, आणि प्रत्येक वायरला सॉकेटच्या आधी खाली झोळ, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी तिथेच ठिबकेल.

पीएचचं डोसिंग, म्हणजे यंत्राने आपोआप ॲसिड सोडणं, करायचंच असेल तर काही गोष्टी आधी माहीत हव्यात. स्वस्त प्रोब (पाण्यात बुडवायची, पीएच मोजणारी कांडी) कायम पाण्यात ठेवायला बनवलेला नसतो, महिन्या-दोन महिन्यांत त्याचा आकडा सरकतो. दर पंधरवड्याला ४.०१ आणि ६.८६ पीएचच्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) तपासावा लागतो. काढून ठेवायचा तर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात, आरओच्या पाण्यात ठेवला तर तो खराब होतो. पीएच आणि ईसीचे प्रोब एकाच पाण्यात एकाच वेळी चालू ठेवले की एकमेकांचे आकडे बिघडवतात, म्हणून पाळीपाळीने वीज द्यावी. वाय-फाय चालू असताना ईएसपी३२ चा दुसरा एडीसी (सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणारा भाग) काम करत नाही, ३२ ते ३९ क्रमांकाच्या पिनाच घ्याव्यात, किंवा एडीएस१११५ हा वेगळा एडीसी मॉड्यूल लावावा. सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे बरेच रिले मॉड्यूल पिन लो (शून्य व्होल्टवर) झाली की चालू होतात, आणि बोर्ड रीसेट होताना काही पिना क्षणभर हलतात. वीज सारखी येत-जात असेल तर प्रत्येक झटक्याला ॲसिडचा पंप एक घोट टाकीत सोडतो. ०, २, ५, १२, १५ या पिना तिथे वापरू नयेत. कोडमध्ये दिवसाची मर्यादा घालावी, एका डोसनंतर पंधरा मिनिटं थांबावं, आणि ॲसिडची बाटलीच इतकी छोटी ठेवावी की ती पूर्ण ओतली गेली तरी टाकी हाताने सावरता येईल. एवढं सगळं करून वाचतात ती आठवड्यातली दहा मिनिटं. आम्ही प्रोब फक्त नजर ठेवायला लावतो, ॲसिड सिरिंजने घालतो.

रोपांबद्दल थोडक्यात. लेट्यूसचं बी पसरून उजेडातच रुजवावं, मातीत पुरलेलं नीट येत नाही. ३० अंशांच्या आसपास ते झोपून राहतं, म्हणून उन्हाळ्यात ओल्या टिश्यूत गुंडाळून एक-दोन दिवस फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावं. कोथिंबिरीचे धने लाटण्याने दोन फाकांत फोडून रात्रभर भिजवावेत. एक इंची स्पंजचे तुकडे सोयीचे. कोकोपीट वापरायचं तर धुऊन क्षार काढलेलं हवं, आणि पंपाला जुना नायलॉनचा मोजा घालावा. खरं पान फुटल्यावर ०.५ ची ईसी, तीन-चार पानांवर रॅकमध्ये.

तापमान हा आपल्याकडचा खरा शत्रू. टाकीचं पाणी १८ ते २२ अंश असावं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि आपली टाकी एप्रिलमध्ये २९ वर असते. २० अंशांना पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० ला साडेसात. त्याच वेळी मुळांची गरज वाढलेली असते आणि मुळं कुजवणाऱ्या पिथियमला ते वातावरण मानवतं. मुळं तपकिरी, बुळबुळीत आणि वासाची झाली की ते रोप काढून टाकण्यावाचून इलाज नाही. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळी एक, दुपारी एक अशा टाकीत सोडता येतात आणि एअर पंपाचा दगडही मदत करतो, पण मार्चअखेरीनंतर लेट्यूसचा हट्ट सोडावा. ते कडू होतं आणि देठ उंच काढतं. त्या तीन महिन्यांत बेसिल, पुदिना, अंबाडी, माठ लावावेत. बेसिल आणि पुदिन्याची मुळं ७५ मिमीचा पाइप बघता बघता भरतात, त्यामुळे पाइपात तीनच रोपं. आतल्या कोवळ्या पानांची टोकं करपत असतील तर तो कॅल्शियमचा अभाव दिसतो, पण बहुतेक वेळा खत पुरेसं असतं आणि हवा हलत नसते. छोटा यूएसबी पंखा पानांवरून फिरता ठेवला की थांबतं.

ईसी वाचायची ती पातळीसोबत. पाणी उतरलं आणि ईसी चढली तर रोपं पाणी जास्त पितायत, द्रावण पातळ करावं. दोन्ही उतरलं तर खत वाढवावं. दोन-तीन आठवड्यांनी पूर्ण पाणी बदलावं, कारण रोपं न घेणारे सोडियम-क्लोराइड साचत जातात आणि मीटर त्यांनाही खत म्हणूनच मोजतो. काढलेलं पाणी दुप्पट पातळ करून कुंड्यांना जातं. पीक निघालं की पाइपांतली मुळं ओढून काढून, लिटरमागे १० मिली घरगुती ब्लीचचं पाणी अर्धा तास फिरवावं आणि दोनदा साध्या पाण्याने धुवावं. त्याआधी ॲसिडची बाटली आणि तिची नळी रॅकवरून खाली काढून ठेवावी. ब्लीच आणि ॲसिड भेटले की क्लोरीन वायू सुटतो, आणि ड्राय बाल्कनी एवढीशी असते.